पायाळू बाई विमानात बसते

मी पायाळू. जन्मताना डोकं आधी यायचं ते सोडून माझे पाय आधी आले, एवढंच. यात माझं कर्तृत्व ते काय? पण नगर जिल्ह्याच्या आमच्या या कोरड्या टोकाला पायाळू माणसाची जन्मभर सुटका नाही. पायाळूला म्हणे जमिनीतलं पाणी कळतं. पायाळूची लाथ पाठीला लागली की उसण उतरते. आणि आभाळात वीज कडाडली की ती आधी पायाळूला हुडकत येते. मी मिरजगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि ही तिन्ही खुळं माझ्या मानगुटीवर बसलेली होती.

पाण्याचं आधी सांगते. आठवीत असताना चुलत्यांनी मला अनवाणी रानातून फिरवलं. माझ्या तळहातावर नारळ, मागं दहा-बारा माणसं. एका जागी मी थांबले, कारण पायात काटा मोडला होता. ते मी ओरडून सांगत होते, पण ऐकतंय कोण? ‘थांबली, थांबली!’ म्हणत त्यांनी तिथं चुन्यानं गोल काढला, विहीर खणली आणि माझं नशीब एवढं फुटकं की तिला पाणी लागलं. कोरडी गेली असती तर मी सुटले असते. पुढं कितीतरी वर्षं सुट्टीच्या दिवशी दारात कुणी ना कुणी नारळ घेऊन उभा असायचा.

उसणीचं तर विचारूच नका. शाळेत नोकरीला लागले तेव्हा वाटलं, चला, शिकल्या-सवरलेल्या माणसांत आलो. दुसऱ्याच महिन्यात हेडमास्तर स्टाफरूमच्या फरशीवर पेपर पसरून पालथे झाले. म्हणाले, ‘‘बाई, डावा पाय. तीनदा. जरा बेतानं.’’ पदवीधर माणूस, वर बीएड! आणि मी त्याच्या आधीच्या तासाला सातवीच्या पोरांना अंधश्रद्धेवर धडा शिकवून आलेले. मारल्या तीन लाथा. काय करणार, माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. बरं, त्या भल्या माणसाची उसण उतरलीही. दुसऱ्या दिवशी शिपाई आला, त्यानंतर शिपायाची सासू.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. विजेचं तसं नव्हतं, कारण ते खूळ माझ्या आईचं होतं.

माझं माहेर मिरजगावपासून कोसभरावर, वस्तीवर. लहानपणी आभाळ भरून आलं की आई हातातलं काम टाकून धावत यायची आणि मला ओढत घरात न्यायची. लाकडी पाट, पाटावर घोंगडी, घोंगडीवर मी. मग कानातल्या कुड्या काढायच्या, पैंजण काढायचे, हात मांडीत घ्यायचे. अंगावर धातूचा कणसुद्धा ठेवायचा नाही. माझा धाकटा भाऊ बाहेर गारा वेचायचा आणि मी पाटावर देवासारखी बसलेली. एकदा तर सहामाहीचा गणिताचा पेपर बुडाला. गुरुजींना आईनं निरोप पाठवला, ‘पोर पायाळू हाय, आभाळ हुतं.’ गुरुजींनी मान डोलावली! माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण आईपुढं चालायचं काय?

तिच्या भीतीला कारण होतं, हेही सांगायला हवं. तिचा थोरला भाऊ पायाळू. ऐन तिशीत रानात वीज पडून गेला. आई तेव्हा माहेरपणाला गेलेली होती, तिनं त्याला पाहिलं होतं. मी कॉलेजात फिजिक्स शिकायला लागले तेव्हा अक्कल पाजळायची फार घाई झालेली. एकदा भांडणात मी तिला म्हणाले, ‘‘मामा पावसात चिंचेखाली उभा होता म्हणून गेला. तिथं दुसरा कुणीही असता तर गेला असता. त्याच्याबरोबर दोन शेळ्यापण मेल्या. त्या काय पायाळू होत्या?’’ आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि निघून जायची. मला शरम वाटली, पण बोललेलं मागं घेता येतं का?

आणि मग भावाला मुलगी झाली. तीही पायाळू. मी दवाखान्याच्या बाहेरच कपाळावर हात मारला.

माझ्या भाचीचंही सगळं तसंच झालं. तोच पाट, तीच घोंगडी. फरक एवढाच की ही पोरगी माझ्यासारखी धुसफुसायची नाही. पाटावर बसून दारातून पाऊस बघायची आणि कुठल्या रानात किती पाणी साचलं ते सांगायची. तिला मातीचं वेड. ढेकूळ हातात घेऊन, फोडून, वास घ्यायची. बारावीला तिनं उत्तम मार्क मिळवले आणि राहुरीच्या शेतकी कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. शेतकी शिकणारी आमच्या घरातली ती पहिलीच मुलगी. मी पेढे घेऊन वस्तीवर गेले, तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण.

आई म्हणाली, ‘‘शेतकीचं कालेज म्हंजे चार वर्सं उघड्या रानात. पायाळू पोर मी उघड्या रानात धाडायची न्हाई.’’

मी भावाकडं पाहिलं. भाऊ म्हणाला, ‘‘आई म्हनंल तसं, आक्का.’’ हे त्याचं आयुष्यभराचं वाक्य. लग्न कुणाशी करायचं, आई म्हणेल तसं. मोटार कोणती बसवायची, आई म्हणेल तसं. अरे, तुला काही तोंड दिलंय का देवानं? प्रवेशाचे कागद भाचीनं एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते, ती पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती. पैसे भरून नाव पक्कं करायला पंधरा दिवस होते. नाही भरले की जागा खालच्या नंबराला.

मी हरायला तयार नव्हते. शाळेतला प्रयोग घेऊन वस्तीवर गेले. ट्रान्झिस्टर चालू केला, पिठाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं. गाणं बंद. झाकण काढलं, गाणं चालू. म्हटलं, ‘‘बघ आई, लहरी पत्र्याच्या आत शिरत नाहीत. विजेचंही तसंच. ती पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर निघून जाते. चारी बाजूंनी धातू असला की आतला माणूस सुखरूप.’’

आईनं डबा उलटा-पालटा करून पाहिला. म्हणाली, ‘‘रेडू गुदमरला त्यो. आन् माज्या डब्याला रेडूच्या शेलाचा वास लागला.’’

मी ट्रान्झिस्टर उचलला आणि निघाले.

नेमकं त्याच आठवड्यात मला दिल्लीचं पत्र आलं. एका संस्थेनं ठिकठिकाणच्या विज्ञानाच्या शिक्षकांना चार दिवस बोलावलं होतं, आणि येण्या-जाण्याचं विमानाचं तिकीट तेच देणार होते. आमच्या शाळेत तोवर विमान फक्त वरून गेलेलं. माझ्या डोक्यात एकदम चमकलं. मी तशीच वस्तीवर गेले आणि आईला म्हणाले, ‘‘मी पायाळू ना? मी भर पावसाळ्यात विमानात बसून ढगातून जाऊन येते. माझ्यावर वीज आली नाही, तर पोरगी राहुरीला जाणार. बोल.’’

आई म्हणाली, ‘‘ईज आली न्हाई तर जाईल.’’

शब्द माझेच होते, आणि गाढवपणाही माझाच. ‘मी धडधाकट परत आले तर’ असं म्हणायला काय झालं होतं? पण मी गणित मांडून बसलेली. एवढी विमानं उडतात, नेमकी माझ्याच विमानाला कशाला वीज लागेल?

जाताना काही झालं नाही. चार दिवस भाषणं ऐकली, वह्या भरल्या. परतीचं विमान दुपारचं, दिल्ली ते पुणे. निघालो तेव्हा आकाश काळंकुट्ट. माझ्या शेजारी पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ बसले होते, पेपरातलं शब्दकोडं सोडवत. विमान वर चढत होतं, हादरे बसत होते, आणि मी स्वतःला समजावत होते की हे खडीच्या रस्त्यावरून एसटी जाते तसंच आहे.

आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं झालं. त्याच क्षणी असा आवाज झाला की कुणीतरी कानाशी पत्र्यावर घण घातला असं वाटलं. दिवे लुकलुकले. पुढं एक बाई किंचाळली. पोरं रडायला लागली.

इथं मला शहाणपणाचं काहीतरी सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. वीस वर्षं पोरांना शिकवत आले होते. वीज विमानाच्या नाकाला नाहीतर पंखाच्या टोकाला लागते, पत्र्यावरून धावते आणि शेपटीकडून निघून जाते, आतल्या माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही. हे सगळं मला पाठ. पण त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं की आली. मला हुडकत आली. आणि लगेच दुसरं आलं की ही शंभर-सव्वाशे माणसं माझ्यापायी मरणार. मी एका हातानं शेजाऱ्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं कानातल्या कुड्या काढायला लागले. फिरक्या सोडवल्या. घड्याळ काढलं. सगळं पर्समध्ये कोंबलं, हात मांडीत घेतले आणि डोळे मिटून बसले. फिजिक्सची बाई! पाट आणि घोंगडी तेवढी नव्हती, नाहीतर तीही अंथरली असती.

थोड्या वेळानं वैमानिकाचा आवाज आला, अगदी दुकानात भाव सांगावा तसा. विमानाला वीज लागली, सगळी यंत्रं व्यवस्थित आहेत, काळजीचं कारण नाही, आपण वेळेवर पुण्याला पोहोचू.

‘‘होतं असं,’’ शेजारचे गृहस्थ म्हणाले. ‘‘विमानं त्यासाठीच बांधलेली असतात. बाई, आता माझा हात सोडलात तरी चालेल.’’

मला इतकी लाज वाटली की पुण्यापर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले. कुड्या परत घालायला गेले तर एका कुडीची फिरकी पडलेली, सीटखाली कुठं गेली देव जाणे. घड्याळ तेवढं घातलं.

पुण्यात शिडीवरून उतरलो तर एक तरुण इंजिनिअर विमानाच्या नाकाजवळ बॅटरी मारून पाहत होता. मी सरळ गेले त्याच्याकडं. तो आधी वैतागला, पण मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्यानं बोट करून दाखवलं. पत्र्यावर उदबत्ती टेकवल्यासारखे तीन-चार काळे डाग. बस, एवढंच. असाच एखादा डाग शेपटीकडंही असेल म्हणाला, तोही तपासणार होता. मी विचारलं, इंधनाच्या टाक्या? म्हणाला, टाक्यांना ठिणगी लागू नये असेच त्यांचे पत्रे आणि जोड असतात. त्याच्या दृष्टीनं हा रोजच्या कामातला एक कागद भरायचा विषय होता.

दुसऱ्या दिवशी एसटीत बसले आणि नगर येईपर्यंत स्वतःवरच चरफडत राहिले. जगात यापेक्षा चांगला पुरावा कुणाला मिळाला असेल का? पायाळू बाई, भरलेलं आभाळ, वीज खरोखर आली, अंगावरच म्हणा ना, आणि बाई बसमध्ये बसून शेंगा खातेय! सगळ्या वस्तीला उभं करून सांगावं असं. आणि तेच मला सांगता येत नव्हतं. कारण आई म्हणणार, ‘बघ, आलीच का न्हाई तुला हुडकत?’ आणि भाचीचं राहुरी संपलं. पैसे भरायला आता फक्त उद्याचा दिवस होता. मिरजगाव आलं तेव्हा माझं ठरलं होतं. खोटं बोलायचं.

वस्तीवर गेले तेव्हा आई अंगणात मटकी निवडत होती. भाऊ बाजेवर बसलेला, शेजारची दोघं-तिघं विमानाची हकिकत ऐकायला आलेली. भाची दारात उभी, कागदांची पिशवी छातीशी धरून. आईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

‘‘ईज आली?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले.

‘‘आभाळ हुतं?’’

‘‘होतं थोडंफार.’’

आईनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. ‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या पोरीला राहुरीला घिऊन जा.’’

भाची आत पळाली. रडायलाच गेली असणार. भाऊ म्हणाला, ‘‘मी म्हनतच हुतो.’’ मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो उठून बैलांकडं गेला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरता नाही. रोज वर्गात उभं राहून पोरांना ‘दिसलं ते लिहा, मनचं घालू नका’ म्हणणारी मी.

त्या दिवशी मी वस्तीवरच राहिले. सकाळी निघायच्या वेळेला आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. भाकऱ्या फडक्यात बांधत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘कुड्या कुठं हायेत तुज्या?’’

माझा हात कानाकडं गेला. ‘‘पर्समध्ये. एकीची फिरकी हरवली.’’

‘‘आन हिकडं.’’

मी काढून दिल्या. तिनं कुडी माझ्या कानात घातली आणि फिरकीच्या जागी दोरा गुंडाळायला लागली. माझा कान तिच्या हातात होता, लहानपणी असायचा तसा.

‘‘कुड्या तू कवा काढतीस ते मला ठावं न्हाई व्हय?’’ ती म्हणाली. ‘‘अंगनात आलीस तवाच दिसलं. पडली ना ईज?’’

‘‘पडली,’’ मी म्हटलं. ‘‘विमानावर पडली. कुणाला काही झालं नाही.’’

‘‘मंग?’’

‘‘मग काल तू बोलली का नाहीस?’’

‘‘चारचौघांत तुला खोटी पाडू?’’

मला रडू यायला लागलं होतं, आणि त्याचाही राग यायला लागला होता. ‘‘आई, मग पोरीला कशी काय सोडतेस? वीज आली नाही तरच, असं ठरलं होतं ना आपलं?’’

आईनं दोऱ्याची गाठ मारली. ‘‘इमानात किती मानसं हुती?’’

‘‘शंभर-सव्वाशे.’’

‘‘ती समदी काय पायाळू हुती?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘शेळ्यांचं तू म्हनली हुतीस,’’ आई म्हणाली. ‘‘लई राग आल्ता मला. पर पंचीस वर्सं झाली, ते डोक्यातनं काय गेलं न्हाई. काल तुजे कान बघितले आन् वाटलं, आली की ईज, आन् गेली. ही बया मातूर माज्या म्होरं हुबी हाय.’’ तिनं उरलेला दोरा दातानं तोडला. ‘‘एवढी शाळा शिकिवतीस. मलाच तेवढं खरं सांगवंना तुला?’’

आयुष्यभर मी कुरकुरत आले की ही माणसं ऐकत नाहीत. आणि जी ऐकत होती, पंचवीस वर्षं मनाशी धरून बसली होती, तिलाच मी त्या लायकीची समजले नाही.

बाहेर भाची चपला घालून तयार होती. आईनं तिच्या हातात भाकऱ्यांचं फडकं दिलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला.

‘‘आभाळ आलं की झाडाखाली हुबी राहू नगंस,’’ ती म्हणाली. ‘‘सरळ कुठल्यातरी घरात जायाचं. पायाळू असू दे नायतर नसू दे, झाडाखाली कुनीच थांबू न्हाई. माजा भाऊ झाडाखाली थांबला म्हनून गेला.’’

मी भाचीची पिशवी उचलली आणि आम्ही एसटीसाठी फाट्याकडं चालायला लागलो.